पायल-एक

रिमोट सापडत नव्हता.

सीताराम आजोबांच्या चौथ्या स्मृतिदिनाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम वेळेत आटोपला होता. भंतेजी बाराच्या आत जेवून निघाले, बिल्डिंगमधली मंडळी खीर खाऊन आणि वर चहा घेऊन आपापल्या घरी गेली, आणि डोंबिवलीच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत घरचीच माणसं उरली. सगळी पांढऱ्या कपड्यांत. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढच्या मेणबत्त्या अजून जळत होत्या. शेजारी सीतारामांचा एकुलता एक मोठा फोटो होता, दोन्ही हात पँटच्या खिशात घालून काढलेला.

माया आत्या सोफ्याच्या उशा उचलून खाली बघत होती. टेंभी नाक्याहून सकाळी सातलाच येऊन धडकलेली आत्या आज वंदनेच्या वेळीसुद्धा घड्याळाकडे बघत होती. एक वाजता नव्या मालिकेचा प्रोमो लागणार होता, आणि त्या मालिकेत आपली भाची नायिका आहे असं तिने ठाण्यातल्या निम्म्या नातेवाइकांना फोन करून सांगितलेलं होतं.

"अगं पायल, तू तरी ऊठ की जरा! काम मिळालं नाही तोच मॅडम झालीस?"

"आज नसेल गं आत्या. पुढच्या रविवारी असेल."

"असं कसं नसेल? खाली पट्टी येत होती कालपासून. मी वाचलीये."

पायल भिंतीला टेकून सतरंजीवर बसली होती. ती उठली नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आजी, जाईबाई, म्हणाल्या, "तिच्या बुडाखाली बघा."

सगळे हसले. पायलने मांडी हलवली, रिमोट काढला आणि काही न बोलता आत्याच्या हातात दिला. ती हसली नाही, हे फक्त सुमितच्या लक्षात आलं.

बहिणीकडे असं निरखून बघायची त्याला हल्लीच सवय लागली होती. एमआयडीसीतल्या एका रंगद्रव्यांच्या कारखान्यात तो शेड मॅचिंगचं काम करायचा. गिऱ्हाईक कौलाचा तुकडा पाठवी, नाहीतर लिपस्टिकची कांडी, आणि हाच रंग तंतोतंत बनवून द्या म्हणे. मग तो नमुना स्पेक्ट्रोखाली धरायचा. हे यंत्र नमुन्यावर प्रकाश टाकतं आणि त्यातला कुठला किती परत आला ते आलेख काढून सांगतं. आलेख मिळाला की कुठली भुकटी किती ग्रॅम, ते संगणक सुचवतो. नुसत्या डोळ्यांनी बघायचं तर नमुना करड्या कागदावर ठेवायचा, पांढऱ्यावर नाही, कारण पांढऱ्यासमोर कुठलाही रंग आहे त्याहून गडद भासतो. आज पांढऱ्या कपड्यांत घरातली सगळीच माणसं त्याला जास्त ठळक दिसत होती. आजी तांबूस काळी, पप्पा राकेश नुसते काळे, आई गहूवर्णी, आत्या चक्क गोरी. आणि पायल आजीसारखी.

तीन आठवड्यांपूर्वी पायल त्याला म्हणाली होती, "दादा, घोडबंदरच्या स्टुडिओतले मेकअपवाले माझा रंग मागतायत. त्यांच्या पेटीत माझी शेडच नाही."

सुमितला आनंद झाला होता. सहा वर्षं ती छोटी-मोठी कामं करत होती, कधी नर्स, कधी कामवाली, कधी लग्नातली तिसरी बाई. दर वेळी तिला दोन शेड उजळ फाउंडेशन फासायचे, आणि टीव्हीवर तिचा चेहरा एक आणि मान दुसरीच दिसायची. आता पहिल्यांदाच कोणीतरी तिचा स्वतःचा रंग विचारत होतं. त्याने साहेबांची परवानगी काढली, सुट्टीच्या दिवशी तिला लॅबमध्ये नेलं आणि यंत्र तिच्या कपाळावर, गालावर, हाताच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूला टेकवलं. शून्य म्हणजे काळा आणि शंभर म्हणजे पांढरा, त्या पट्टीवर कपाळ सदतीस आलं, हात चाळीस, हाताची आतली बाजू सेहेचाळीस.

"एका माणसात इतके?" पायलने विचारलं होतं.

"मलाही माहीत नव्हतं," तो म्हणाला होता.

आणखी एक गोष्ट त्याला समजली नव्हती. आलेखात हिरव्या-पिवळ्याच्या हद्दीवर एक छोटा दुहेरी खळगा होता, दोन बोटांनी मऊ पीठ दाबल्यासारखा. त्याच्याकडच्या कुठल्याच भुकटीत तसा खळगा नव्हता. संगणकाने सुचवलेलं मिश्रण त्यावरून सपाट निघून जात होतं. सुमितला वाटलं हात हलला असेल. तीनदा मोजलं, खळगा तिन्ही वेळा होता. बाकी सगळा रंग जुळत होता, म्हणून त्याने तो सोडून दिला. लोखंडाचं लाल, पिवळं, काळं ऑक्साइड, थोडं पांढरं. एक बरणी भरली, फाईलला नाव दिलं 'पायल-एक', आणि कृतीचा कागद बरणीला चिकटवून दिला.

"आला, आला!" आत्या ओरडली.

एक जुनं अंगण. मुलगी बघायला आलेली मंडळी परत चाललेली. हातात ट्रे घेतलेली एक मुलगी. सुमितने आधी रंग ओळखला. पायलच्या कपाळाचा सदतीस. मग चेहरा वर झाला, आणि तो त्याने ओळखला नाही.

"ही कोण?" आत्या म्हणाली.

मुलीच्या डोळ्यांत पाणी, मागे व्हायोलिन. "बाबा, गेले ते," ती म्हणत होती. "सहा कप भरले होते. कोणी तोंड लावलं नाही." पडद्यावर नाव उमटलं: कृतिका. आधीच्या मालिकेत दुधासारखी गोरी सून झालेली कृतिका, घरोघरी माहीत असलेली.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "लागलं का? पायल दिसली का?"

आत्याने रिमोट खाली ठेवला.

पुढचं दृश्य उन्हातलं होतं. मुलगी धावत बाहेर आली आणि तिचा चेहरा एकदम राखाडी पडला, पाटीवर ओला हात फिरवल्यासारखा. सुमितच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा: काळं जास्त झालंय, लाल वाढवायला हवं, आणि भुकटीही बदलायला हवी. अर्धं उत्तर त्याने मनात सोडवूनही टाकलं. मग आपण काय करतोय ते त्याला कळलं.

राकेशने टीव्ही बंद केला.

"मला बुधवारी कळलं," पायल म्हणाली. "आज सांगणारच होते. आजोबांचा कार्यक्रम झाल्यावर."

"पण तुला बोलावत होते ना?" आत्याचा आवाज खाली आला होता. "चारदा गेलीस तू."

"चारदा गेले. लाइटमध्ये उभं केलं, फोटो काढले, हातावर रंग लावून बघितले. मला वाटलं, माझीच लुक टेस्ट चाललीये."

"आणि ऑडिशन?" राकेशने विचारलं.

"एकदाही नाही, पप्पा. एकदाही कोणी मला 'बोल' म्हटलं नाही."

आई कणकेच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली होती. "अगं पण मुलगी काळी दाखवायचीय, तर काळीच घ्यायची ना? गोरीला काळं कशाला फासायचं?"

"मी विचारलं तसं. आनंद सर म्हणून प्रॉडक्शनवाले आहेत. ते म्हणाले, प्रेक्षकांना कळायला हवं की आत सुंदर मुलगी आहे."

जाईबाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "आत म्हंजी कुठं आत?"

हसावं की नाही ते कोणाला कळेना. पायलच हसली, थोडंसं.

"मला काम दिलंय त्यांनी," ती म्हणाली. "तो रंग पाण्यात टिकत नाही. भांडी घासायची, कणीक मळायची, विहिरीवर पाय धुवायचे, तिथे हात-पाय माझे. लांबून पाठमोरी दिसते ती मी. आज दोन वाजेपर्यंत हो की नाही ते सांगायचंय. आणि दादा, तुझ्यासाठी निरोप आहे. उन्हात रंग राखाडी पडतोय. दुसरी बरणी पाहिजे, दुरुस्त करून."

"सुमितकडून कसली बरणी?" राकेशने विचारलं.

सुमितने सांगितलं. लॅब, यंत्र, कागद, सगळं. सांगताना ते त्याला स्वतःलाच नीट ऐकू आलं: बहिणीचा रंग त्याने मोजून, बरणीत भरून, वर कृतीसकट दुसऱ्याच्या हातात दिला होता.

"तुला काय माहीत होतं रे," पायल म्हणाली. "मलाच माहीत नव्हतं."

"घे तू काम," माया आत्या अचानक म्हणाली. "हो, मीच म्हणतेय. पाय तर आत पडेल! आज हात घेतायत, उद्या तोंड घेतील."

"काही गरज नाही," राकेश म्हणाला. "माझी पोरगी म्हणजे काय दुकानातला पुतळा आहे? हात काढून घेतले, बाकीची ठेवली?"

"आता आठवली होय पोरगी?" आई दारातूनच कडाडली. "सहा वर्षं म्हणताय, सोड ते नाटक, रेल्वेची परीक्षा दे. आज एकदम तिची बाजू?"

"तेव्हापण तिचीच बाजू होती."

"कधी दिसली नाही."

"वहिनी बरोबर बोलतेय," आत्या म्हणाली. आई आणि आत्या एका बाजूला, असं या घरात गेल्या पंधरा वर्षांत झालं नव्हतं. सुमितच्या लग्नाची बोलणी याच दोघींच्या भांडणात दोनदा फिसकटली होती.

"तुझं काय जातंय, माया?" राकेश म्हणाला. "तू गोरी. तुला कोणी कधी मागे उभं केलं?"

आत्या पांढऱ्या साडीची किनार बोटाला गुंडाळत राहिली. "मला सासरच्या गल्लीत बायका म्हणायच्या, 'तुम्ही तशा वाटत नाही हो.' कौतुकाने म्हणायच्या. 'तशा' म्हणजे कशा, ते मला कळायचं, दादा. मी एकदाही उलट विचारलं नाही. वाटायचं, वाटत नाही तेच बरं." तिने पायलकडे पाहिलं. "म्हणून म्हणते, जेवढं दार उघडतंय तेवढं घे."



सुमितला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. "पायल, आमच्याकडे मूळ नमुन्याला स्टँडर्ड म्हणतात. बॅच चुकते, स्टँडर्ड कधी चुकत नाही. इथे स्टँडर्ड तू आहेस. ती फक्त बॅच."

पायलने मान वर केली. "आणि स्टँडर्ड कुठे ठेवता तुम्ही?"

"कपाटात," तो म्हणाला. "काळ्या पाकिटात. उजेड लागू नये म्हणून."

"मग?"



तेवढ्यात जाईबाईंनी फोटोकडे बोट केलं. "त्यो बघा. हात खिशात. सारी म्हणत्यात, काय ऐटीत उभा हाय. ऐट कसली! रंगाच्या कारखान्यात व्हता. एक दिस निळा येयाचा, एक दिस लाल. चाळीतली पोरं हात बघून सांगायची, आज कंचा माल निघाला. नखात तर कायमचाच बसलेला. फोटोवाल्याकडं गेलो, तर हात खिशात. मी म्हणलं, काढा की भाईर. न्हाई म्हणला, जाई, मानसं रंग बघत बसत्यात, मग तोंडाकडं बघायचंच ऱ्हाऊन जातं." त्या थांबल्या. "गेला तवा मीच धुतले त्येचे हात. निवृत्त होऊन इस वर्सं झाली व्हती. नखाच्या कडंला निळं व्हतंच. पायल, त्या पोरीचं बोलणं तुला पाठ हाय का?"

"सगळं पाठ आहे. सगळ्यांचंच."

"मग बोल. त्येंनी 'बोल' म्हणलं न्हाई, मी म्हणते."

"आत्ता नको, आजी," पायल म्हणाली आणि उठली. पाहुण्यांच्या चहाचे कप खोलीभर पडले होते, काही रिकामे, काही भरलेले, साय धरलेले. ती ते गोळा करू लागली. सोफ्याच्या हातावरचा एक, खिडकीतला एक. एकात डोकावून तिने तो बाजूला ठेवला. दुसऱ्या कपाला बोट लावून पाहिलं, गार होता. आई म्हणाली, "राहू दे गं, मी उचलते," पण पायलला ते ऐकू आलं नसावं. तिने कप ओळीत मांडले, एकाचा कान फिरवून दुसऱ्यासारखा केला. मग कपांकडेच बघत म्हणाली,

"बाबा, गेले ते."

राकेश दाराकडे बघायला लागला, खरोखर कोणी गेल्यासारखा.

"सहा कप भरले होते. कोणी तोंड लावलं नाही." आवाज साधा होता, दुधाचा हिशोब सांगावा तसा. "असू दे. साखर घातलीये. फेकवत नाही."

तिने पहिला कप उचलला आणि तो थंडगार चहा पिऊन टाकला. सगळा. मग दुसरा. तिसरा कप तोंडाशी नेता नेता ती अडली, आणि राकेशकडे बघून हसली. त्या हसण्यात 'तुम्ही वाईट वाटून घेऊ नका' एवढंच होतं. व्हायोलिन नाही, डोळ्यांत पाणी नाही. पण राकेशचा हात आपोआप पुढे आला, आणि रेल्वेत बत्तीस वर्षं काढलेल्या, मुलीचं एकही नाटक न बघितलेल्या त्या माणसाने तिच्या हातातला कप घेतला आणि उरलेला चहा स्वतः प्यायला.

आईच्या हातावरची कणीक सुकत होती.

सुमित बघत होता. पायलच्या मानेतून एक लाली वर चढली होती. लाल नव्हे. तपकिरीच्या आतून उजेड यावा तशी ती गळ्यावरून कानांच्या पाळ्यांत गेली, गालांत शिरली, हसताना डोळ्यांखाली थांबली आणि कप हातातून गेला तशी हळूहळू उतरली. मिनिटभरात तिच्या चेहऱ्याचा रंग किती वेळा बदलला ते त्याला मोजता आलं नसतं. आणि मग एकदम त्याला तो खळगा आठवला. हिरव्या-पिवळ्याच्या हद्दीवरचा, तिन्ही वेळा आलेला. हात हलला नव्हता. ते रक्त होतं. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला रक्ताचा हाच आलेख त्याने स्वतः काढला होता, परीक्षेत लिहिला होता, आणि समोर आला तेव्हा त्याला तो ओळखता आला नाही. बरणीतही लोखंड, रक्तातही लोखंड. पण बरणीतलं पडून राहतं आणि हे चालतं, चढतं, उतरतं, माणसाला काय वाटतंय ते सांगत फिरतं. यंत्राने ते सांगितलं होतं. सुमितनेच त्याला चूक ठरवलं होतं.

"बाई गं," आत्या म्हणाली.

पावणेदोनला आनंद सरांचा फोन आला. पायलने तो स्पीकरवर टाकला.

"हां पायल, बोल पटकन. हो ना?"

"सर, हातांचं नाही जमणार. ऑडिशन घेणार असाल तर उद्या येते. कुठलाही रोल चालेल, एका सीनचा असला तरी. पण एकदा मला बोलू द्या."

"अगं, कास्टिंग लॉक झालंय. तुला कळत नाहीये. अशा संधीला शंभर मुली तयार असतात."

पायलने डोळे मिटले. आत्याने तिचा खांदा धरला. आता आत्या 'घे' म्हणेल, असं सुमितला वाटलं. आत्याने फक्त मान हलवली, नाही अशी.

"मग नाही, सर," पायल म्हणाली.

पलीकडून उसासा आला. "बरं. तुझा भाऊ आहे का तिथे? त्याला दे. रंगाचं अर्जंट आहे."

सुमितने फोन हातात घेतला. "बोला."

"बॉस, बरणी एकदम मस्त होती. फक्त उन्हात जरा राखाडी पडते. करशील ना दुरुस्त?"

"उन्हातलं दुरुस्त होईल," सुमित म्हणाला. "पण मी करणार नाही."

"का? टेक्निकल काही अडचण?"

"हो. खालचं रक्त दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"रक्त. तिचा रंग नुसता वरचा नाहीये, साहेब. मी मोजला होता तेव्हा मलाही कळलं नव्हतं." त्याने फोन बंद केला.

पायल कपांसमोर बसली होती. हात मांडीवर होते. उद्यापासून तिला कुठेच जायचं नव्हतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि ते कसं सांभाळायचं ते कोणाला ठाऊक नव्हतं.

"रुपाली," जाईबाई सुनेला म्हणाल्या, "चहा टाक. सहा कप. आणि पोरी, तू पुन्ना बोल. पहिल्यापास्नं. मगाशी तू कधी सुरू केलंस ते मला समजलंच न्हाई."

"मलाही नाही," राकेश म्हणाला.

आई आत गेली. गॅसवर पातेलं चढल्याचा आवाज आला. चहा झाला, भरलेले कप खोलीभर ठेवले गेले, कोणी तोंड लावलं नाही. सगळे आपापल्या जागी बसले. राकेश सगळ्यांत पुढे, सतरंजीवर. पायल उठली, पदर खोचला, खिडकीतला कप उचलला. सुमित या वेळी तयार होता. त्याने डोळे तिच्या मानेवर रोखले. सुरुवात नेमकी कुठे होते ते त्याला पकडायचंच होतं.

तिने सोफ्यावरचा कप उचलला. एकाचा कान फिरवला.

"बाबा," ती म्हणाली, आणि ती कधीच सुरू होऊन गेली होती.